जोडणी सापडत नाही

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराची बेल वाजत नसे, पेटत असे. वडिलांनी रेल्वेतल्या एका मित्राकडून बेलच्या बटणाला दोन दिवे जोडून घेतले होते, एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघरात. कारण आई बहिरी. इगतपुरीला असताना, लहानपणीच तापात तिचे कान गेले. त्यानंतर तिची जी काही बोली तयार झाली ती हातांची, आणि तीही आमच्या घरापुरती. बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात ती ही नव्हे. इगतपुरी म्हणायचं तर डोक्यावर दहा बोटांनी न थांबणारा पाऊस पाडायचा. शेजारच्या काकू म्हणजे हनुवटीवर बोट, कारण त्यांना तिथे तीळ होता. ताई म्हणजे गालावरची खळी. आणि मी म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बोट, कारण माझा राग कायम तिथेच बसलेला. हे नाव मला पाचव्या वर्षी पडलं आणि पुढे मी ते चोख निभावलं.

हातांनी बोलायला मलाही यायचं, पण ताईसारखं नाही. ताई आणि आई बोलायला लागल्या की कढईतली भाजी करपायची, कारण ढवळायला दोघींपैकी एकीचाही हात मोकळा नसायचा. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघत राहायच्या. मला लाज वाटायची. ताईला नाही वाटायची. ती उलट हात आणखी मोठे करून बोलायची.

वडील गेले. मग ताईचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. घरात आई आणि मी उरलो, आणि मी दिवसभर अंबडच्या कारखान्यात. पत्रातून बोलणं आईला जमत नसे. ती चौथी शिकलेली. "आम्ही ठीक आहोत, तू ठीक असशील" यापुढे तिचं पत्र सरकत नसे. तिच्या हातांत जे होतं ते तिच्या अक्षरात कधी उतरलंच नाही. मग दर रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा. मी रिसीव्हर मान आणि खांद्यामध्ये दाबून धरायचो. ताई बोलायची, मी हातांनी आईला सांगायचो, आई हातांनी उत्तर द्यायची, मी ते फोनमध्ये बोलायचो. पंधरा मिनिटांत माझी मान आखडायची. असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत आई आणि ताई एकमेकींशी थेट एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

त्याच सुमारास आमच्याकडे ब्रॉडबँड आलं. आजच्या मुलांना त्यातलं अप्रूप कळायचं नाही. त्याआधी इंटरनेट लावायचं म्हणजे फोन अडवून ठेवायचा आणि मोडेमचं ते किंचाळणं ऐकत बसायचं. आता एक पांढरी डबी आली, तिच्यावर चार हिरवे दिवे, आणि इंटरनेट चोवीस तास घरात. आईला ती डबी फार आवडली. ती रोज सकाळी ती पुसायची आणि दिवे मोजल्यासारखी बघायची. घरातली ही पहिलीच वस्तू असावी जी आवाज न करता 'मी चालू आहे' असं सांगायची.

कंपनीत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने मला दोन गोष्टी दिल्या. एक, फुकट मिळणारा गप्पांचा प्रोग्राम, ज्यात कॅमेरा लावला की समोरचा माणूस दिसतो. दुसरी, एका सीडीवर फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी. "व्हायरस फार झालेत, हे आधी टाक," तो म्हणाला. मी दोन्ही टाकलं आणि एम. जी. रोडवरून कॅमेरा आणला, सुपारीएवढा.

आईला सांगितलं तर तिला पटेना.

"चेहरा दिसेल?" तिने हातांनी विचारलं.

"चेहरा दिसेल."

"आणि हात?"

"हातसुद्धा."

ती उठली, आत गेली आणि कपाट उघडून साडी शोधायला लागली. ताईला बघायचं होतं पुढच्या रविवारी, आणि त्या दिवशी होता सोमवार.

रविवारी सकाळी आठला आई नेसून, वेणी घालून कॅमेऱ्यासमोर बसली. तिकडे ताई शनिवारच्या रात्री बसली होती. मी प्रोग्राम उघडला. गोल गोल फिरलं आणि पाटी आली, इंग्रजीत: इंटरनेट जोडणी सापडत नाही. आपली जोडणी तपासा.

मी तपासली. चारही दिवे हिरवे. दुसऱ्या खिडकीत बातम्या उघडून पाहिल्या, उघडल्या. क्रिकेटचा स्कोअर उघडून पाहिला, उघडला. सगळं जग दिसत होतं, आणि हा शहाणा म्हणत होता जोडणीच नाही. डोकंच फिरलं माझं. डबी बंद केली, चालू केली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. फोनची वायर काढून फुंकर मारली, पुन्हा खोचली. शेवटी ताईचा फोन आला आणि पुन्हा तेच, मान, खांदा, रिसीव्हर.

मग मी त्या प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागलो. मित्राने जे जे सांगितलं ते ते केलं. ऑफलाइनची खूण चुकून लागली आहे का पाहिलं. सेटिंगमध्ये कसला परका पत्ता राहिला आहे का पाहिलं. प्रोग्राम काढला आणि पुन्हा टाकला. टेलिफोन ऑफिसात तक्रार केली, तर चार दिवसांनी लाईनमन आला. त्याने डबीकडे बघितलं आणि खिशातून हातही काढला नाही.

"लाईन एकदम ओके हाय साहेब. चारी लाईट पेटलेत की. तुमच्या मशीनमधीच कायतरी लफडं हे."

"मशीन नवीन आहे," मी म्हणालो.

"मंग नवं लफडं असंल," तो म्हणाला आणि आईने केलेला चहा पिऊन गेला.

असे तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी आई आवरून बसली. तिसऱ्या रविवारी तिने मला हळूच विचारलं, "ताईलाच दिसायचं नाहीये का? तू मला सांगत नाहीस का?"

हे तिच्या मनात येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी तिला डबी दाखवली, पाटी दाखवली, कपाळाला हात लावून दाखवला. तिने मान डोलावली. पण तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि तो कसा बसणार? बातम्या दिसत होत्या, क्रिकेट दिसत होतं, फक्त तिची मुलगी तेवढी दिसत नव्हती.

त्यानंतरच्या शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. मी शेवटचा उपाय म्हणून प्रोग्राम पुसून टाकला आणि या वेळी दुसऱ्याच जागी, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये नव्याने बसवला. आई मागे उभी राहून शेंगा सोलत होती. प्रोग्राम सुरू झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवली. फायरवॉलची. हा नवा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतोय, जाऊ द्यायचं का? खाली एक हिरवं बटण, एक लाल. आणि 'माझं उत्तर लक्षात ठेव' याच्यापुढे आधीच केलेली खूण.

मी ते वाचतोय तोवर आईचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला. तिने माउस घेतला, लाल बटण दाबलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. डास मारावा इतक्या सहज.

"हे काय केलंस?"

"ते मध्ये मध्ये येतं," ती हातांनी म्हणाली. "मी घालवते."

दुपारी मी कामावर असताना आई कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची. मीच शिकवलं होतं. प्रोग्राम कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू व्हायचा, पहारेकरी विचारायचा, जाऊ देऊ का? आणि आई म्हणायची, नाही. त्याने ते लक्षात ठेवलं होतं, म्हणून त्याच जागी पुन्हा टाकलेल्या प्रोग्रामलाही तो न विचारताच अडवत होता. मी फायरवॉलची यादी उघडली. ब्राउझरला सुरुवातीला मी होकार दिला होता, तेवढा एक हिरवा. त्याखाली रांगेने लाल फुल्या. गप्पांचा प्रोग्राम, मेलचा प्रोग्राम, व्हायरस पकडणारा, इंटरनेटवरून वेळ जुळवणारं घड्याळसुद्धा. आईने एकालाही सोडलं नव्हतं.

माझा तिळपापड झाला. मी ओरडलो. चांगला पाच मिनिटं ओरडलो. आईला ऐकू येत नाही हे रागात मी नेहमी विसरायचो. तिला फक्त माझं तोंड दिसत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. तिने शेंगांचं ताट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. आमच्या घरात याचा अर्थ, मी आता बोलणार नाही.

तासाभराने मी तिच्यासमोर जाऊन बसलो. चुकलो म्हणालो. मग विचारलं, "पण 'नाही'च का दाबलंस? 'हो' का नाही?"

तिने पदराखालचे हात बाहेर काढले. मग तिने सांगितलं ते असं. बाहेर कुणी काही विचारलं आणि कळलं नाही, की ती हो म्हणते. भाजीवाल्याला, डॉक्टरला, लग्नाकार्यात भेटलेल्या बायकांना, सगळ्यांना हो. नाही म्हटलं की लोक पुन्हा विचारतात, मोठ्याने विचारतात, मग चिडतात. त्यापेक्षा मान हलवलेली बरी. कॉम्प्युटर काय विचारतो तेही तिला कळत नव्हतं. पण तिथे तिने एकदा नाही म्हणून पाहिलं, तर तो चिडला नाही. गप निघून गेला.

"मग मी रोज म्हणायला लागले," ती म्हणाली आणि हसली.

मी तिच्यादेखत एकेका लाल फुलीला हिरवं केलं. ताईला मेल टाकला, उद्या सकाळी आठ.

रविवारी ताई दिसली. आधी चौकोनांचा ढीग, मग त्यातून कपाळ, मग डोळे. आई पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली, आणि तिकडे ताई हातांनी ओरडत होती, मागे हो, हात दिसत नाहीत! मी दुभाष्याच्या सवयीने बाजूला उभा होतो. आईने मला कोपराने दूर सारलं.

चित्र अडकत होतं. हात जोरात हलले की त्यांच्या नुसत्या रेघा उरायच्या. मग दोघी सावकाश बोलायला लागल्या, शब्दाशब्दाला थांबून. ताईला दोन-तीन खुणा आठवेनात, आईने आठवून दिल्या. घर कसं आहे, बर्फ कसा असतो, जावई काय खातात, काकूंच्या मुलीचं जमलं. मी हे सगळं फोनवर शंभरदा इकडून तिकडे केलं होतं, पण त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले, आणि ते मी कॅमेऱ्याच्या बाहेर सरकून पुसले.

मग आईने विचारलं, "तिथे तुझ्याशी कोण बोलतं?"

ताईचे हात थांबले. मला वाटलं चित्र पुन्हा अडकलं. पण तिच्या मागचा पडदा हलत होता. तिने उत्तर द्यायला हात उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"कोणी नाही," ती म्हणाली. "ते सकाळी जातात, रात्री येतात. दिवसभर कोणी नाही." आणि ती रडायला लागली.

हा प्रश्न मला पाठ होता. दर रविवारी फोनच्या शेवटी आई तो मला विचारायला सांगायची. पहिल्यांदा मी विचारला असेन, आता आठवत नाही. नंतर मान आखडलेली असायची, ताईचं फोनचं कार्ड संपत आलेलं असायचं, आणि आई तेच तेच विचारते म्हणून मला कंटाळा यायचा. मी ताईला काहीच विचारायचो नाही. आईकडे वळून हातांनी सांगायचो, खूप मैत्रिणी आहेत, शेजारी एक मराठी बाई आहे, मजेत आहे ताई. ती मराठी बाई मी दोन वर्षं सांभाळली होती. तिला मी एक मुलगासुद्धा दिला होता.

ताईने डोळे पुसले. "आई, इतके दिवस का नाही विचारलंस?"

आईने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी अगदी भिंतीला टेकून उभा होतो. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली, सगळं कळेपर्यंत. मग पडद्याकडे वळली.

"विसरले," तिने हातांनी सांगितलं. "म्हातारी झाले ना आता."

त्यानंतर आई सात वर्षं होती. दर रविवारी त्या दोघी तासन्‌तास बोलल्या आणि मला कुणी मध्ये बोलावलं नाही. त्या सकाळबद्दल आईने मला कधी एका बोटानेही काही विचारलं नाही, आणि ताईला सांगायचं माझं धाडस झालं नाही. ताई, तू हे वाचशीलच. आई विसरली नव्हती.