सकाळी सहा ते आठची उष्णता

बारा वर्षं जहाजांच्या कर्जांचं काम केल्यावर ऑफिसने मला एकदम पर्यावरणाच्या टीममध्ये ढकललं. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटवरची तीच इमारत, फक्त तीन मजले वर. काम असं, की युरोपातल्या थंड गावांच्या नगरपालिकांना सरकारी अनुदानाचे अर्ज तयार करून द्यायचे. गावात एकाच ठिकाणी पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत खेळवायचं, म्हणजे प्रत्येकाला आपापला गॅस जाळावा लागत नाही. याला म्हणतात हीट नेटवर्क. पाणी तापवायचं तेही सांडपाण्यातली उष्णता खेचून घेणाऱ्या मोठ्या पंपांनी. मी पुण्याहून थेट सिंगापूरला आलेली. आयुष्यातली सगळ्यात कडक थंडी म्हणजे महाबळेश्वरची चार दिवसांची ट्रिप. हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

महिन्याभरात मी या विषयातली जाणकार झाले. निदान रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी सायकली लावून खायला बसलो, की मित्रमंडळींना तसं वाटावं अशी माझी खटपट असे. "उष्णता वाया घालवणं हा गुन्हा आहे," असं मी एकदा घाम पुसत पुसत म्हणाले. माझी चौदा वर्षांची मुलगी उसाचा रस पीत होती. ती अस्सल सिंगापुरी झोकात म्हणाली, "मम्मी, यू आर द हीट नेटवर्क, लाह."

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं गाव नदीकाठचं, लहानसं. तिथल्या नगरपालिकेत या कामाला एकच माणूस होता, साठीला टेकलेला. रस्त्यावरचे दिवेही तोच बघायचा. पाइप आणि खोदकाम त्याला पाठ होतं. अर्ज म्हटला की तो फाइल बाजूला सारायचा. त्याला धीर द्यायला मी.

गावाला कोणत्या तासाला किती उष्णता लागेल, याचा तक्ता मी केला. घरांच्या रकान्यात लिहिलं सकाळी सहा ते आठ. उरलेला दिवस शून्य. माझ्या डोक्यात गरम पाणी म्हणजे गीझर आणि गीझर म्हणजे आंघोळ. रविवारी लोक उशिरा उठतात म्हणून मी मोठ्या मनाने नऊपर्यंत मुदत वाढवली होती. साहेबांनी बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या, तक्ता गावाला गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या दुपारी चार वाजता नगरपालिकेतल्या त्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती.

"आमचे लोक आठनंतर काय करतात?" त्याने विचारलं.

"ऑफिसला जातात."

"आणि म्हातारी माणसं?"

"त्यांची आंघोळ उरकलेली असते ना."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही रेडिएटर पाहिलाय कधी?"

"गाडीतला," मी खरं ते सांगितलं.

त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. त्याने फोन उचलला आणि मला घरभर फिरवलं. प्रत्येक खोलीत भिंतीला लोखंडी पन्हाळी पत्र्यासारखं काहीतरी बसवलेलं. एकावर मोजे वाळत होते. "यातून दिवसभर गरम पाणी फिरतं, तेव्हा घर राहण्यासारखं होतं," तो सावकाश, एकेक शब्द सांगत होता. "आंघोळीचं पाणी त्यातलं थोडंसं." पण बहुतेक खोल्या बंदच होत्या; दार उघडून दाखवून तो लगेच लावून घेत होता. शेवटच्या खोलीत खिडकीपाशी त्याची आई बसली होती, अंगात कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर रजई. गॅस इतका महागला होता, की हिवाळाभर ती त्या एकाच खोलीत राहायची.

तिने फोनमध्ये डोकावून काहीतरी विचारलं. "तुमच्याकडे तापमान किती आहे म्हणतेय," तो म्हणाला.

"बत्तीस."

त्याने सांगितलं. तिने मान हलवली. "तिचा विश्वास बसत नाही," तो म्हणाला.

कॉल संपल्यावर मी तक्ता पुसला. त्या आठवड्यात त्याला नाही नाही ते प्रश्न विचारले. झोपताना बंद करता का? खिडकी कधी उघडता? त्याने एकाचाही कंटाळा केला नाही. अर्जातला चांगला भाग तो त्याच्या उत्तरांचाच.

अनुदान मंजूर झालं. मी ऑफिसात केक आणला आणि पाइप पडणार म्हणून सगळ्यांना सांगितलं. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "खड्डे कुठे खणायचे ते ठरवायचे पैसे मिळालेत. खणायचे अजून मागायचेत."

मग आराखडा झाला. पहिल्या टप्प्यात शाळा, दवाखाना, पोहण्याचा तलाव, नदीकडचे फ्लॅट. हद्दीची रेघ मी आखली होती. टेकडीवरची त्याची गल्ली रेघेबाहेर पडली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी घाबरत घाबरत फोन केला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नकाशा मीच तपासला. आमची घरं लांब लांब आहेत. पाइप तिथवर नेला तर खर्चाने सगळी योजनाच बारगळेल."

"मग आई?"

"शाळेजवळ फ्लॅट बघतोय. ती नाही म्हणते. तिला तिची खिडकी हवी."

"दुसऱ्या टप्प्यात नक्की," मी म्हणाले. असं म्हणायचा मला काय अधिकार होता, देव जाणे.

"तो अर्जही तुम्हीच लिहा," तो म्हणाला. चेष्टा होती की विश्वास, ते मला विचारवलं नाही.

पुढे तो निवृत्त झाला. दुसऱ्या टप्प्याचा अर्ज मी आता त्याच्या जागी आलेल्या बाईंबरोबर लिहितेय. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मला थंडीतलं काही कळत नाही. "मला अर्जातलं," त्या म्हणाल्या. मग त्या त्याच्या गल्लीतून चालत गेल्या आणि फोनवर मला एकेक दार मोजून दाखवलं. माझ्या नकाशात होती त्यापेक्षा चार घरं जास्त निघाली, म्हणजे पाइपाचा खर्च वाटून घ्यायला चार दारं जास्त.