काकूचं शेवयांचं मशीन

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला व्यवसायाचं गणित होतं. कर्जाचा हप्ता कसा काढायचा, यंत्राची किंमत दरवर्षी किती घटते, किती माल विकला की धंदा तोट्यातून बाहेर येतो, असं सगळं. वर्गात बऱ्याच जणांना तो विषय उगाच गळ्यात मारल्यासारखा वाटायचा. मला आवडायचा. त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. पुस्तकातली एखादी बिननावाची कंपनी वस्तू तयार करायची, मी आलेखावर दोन रेषा काढायचे, एक खर्चाची, एक उत्पन्नाची, आणि जिथे त्या एकमेकींना कापत तिथे पेन्सिलीने छोटा गोल करायचे. तो ब्रेक-ईव्हन. गोल झाला की बरं वाटायचं.

घरात हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून परळीला घरी आले की वही घेऊन कोपऱ्यात बसायचे. एका रविवारी काकू मेथी निवडत माझ्यासमोर येऊन बसली आणि वहीकडे बघत राहिली.

“ही कशाची रांगोळी गं?”

धंदा कधीपासून पैसे देऊ लागतो ते यावरून कळतं, एवढंच मी सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“मंग माझं एक काढून दे.”

काकूला शेवयांचं मशीन घ्यायचं होतं. काकांच्या किराणा दुकानाला लागून एक रिकामी खोली होती. मशीन, त्याच्या जाळ्या, गाडीभाडं, वीजजोडणी, सगळं धरून सहासष्ट हजार लागणार होते. (इंग्रजी शाळेमुळे मला सहासष्ट की शहात्तर हे आजही मनात एकदा पडताळून घ्यावं लागतं.) पैसे तिने स्वतः वर्षानुवर्षं मागे टाकून जमवले होते. लातूरच्या विक्रेत्याने मंगळवारपर्यंत एक मशीन तिच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. अडत होतं ते काकांपाशी.

“चार म्हयन्याचं काम,” काका म्हणायचे. “आठ म्हयने ते झाकून ठिवायचं आन वर मांजर बसवायचं.” त्या दिवशी मात्र ते म्हणाले, “बरं, पोरगी इंजिनियर होतीय. तिचं गणित म्हणंल तसं. मी मधी बोलणार न्हाई.”

घरातल्या कुठल्याही निर्णयात मी आजवर तोंड घातलं नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि पुस्तकात शिकवलं होतं तसं, अगदी नेटकं, मांडून काढलं. शेवयांचा दर किलोला तीस रुपये, हे काकूने सांगितलं. रव्याचा भाव काकांच्या दुकानातून घेतला, किलोला चाळीस. वीज आणि मदतीच्या बाईची मजुरी मिळून आठ. म्हणजे तिसाच्या मालाला अठ्ठेचाळीस खर्च. दोन्ही रेषा पहिल्यापासूनच एकमेकींपासून दूर गेल्या. गोल काढायला जागाच उरली नाही.

“काकू, या कधीच भेटत नाहीत,” मी म्हणाले.

“बघ. मी म्हनलं नव्हतं?” काका खूश झाले.

काकूने आलेख जवळ घेऊन पाहिला. “मंग ती मोंढ्याजवळची बाई येडी हाय का? दहा वर्षं झाली मशीन चालवतीय. माडी चढवली तिनं.”

तिचं दुसरं काही उत्पन्न असेल, असं मी पुटपुटले. काकूने पुढे वाद घातला नाही, आणि तेच मला लागलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. घरच्या शेवया करून आणायच्या होत्या, म्हणून काकूने मला त्याच मोंढ्याजवळच्या बाईकडे नेलं. डबा माझ्याकडे, टोपली तिच्याकडे. तिथे बायकांची रांग. प्रत्येकीपाशी नाव कोरलेला स्टीलचा डबा आणि धुतलेलं जुनं लुगडं. आमच्याकडे वाळवण उघडं टाकत नाहीत, वीजकेंद्राची राख बसते, वरून लुगडं लागतं. मशीनवाली डबा काट्यावर ठेवायची, किलोमागे तीस घ्यायची, आतलं सगळं मळून मशीनला द्यायची. पुढचा डबा, पुन्हा तसंच. मी निवांत बघत उभी होते. मग माझं लक्ष हातातल्या डब्याकडे गेलं. आत चार किलो रवा होता. सकाळी घरच्या पिंपातून मीच मोजून घेतला होता.

मशीनचा आवाज इतका की ओरडावंच लागलं. “काकू, रवा तर गिऱ्हाइकाचाच असतो!”

सगळी रांग वळली.

“मंग काय आपून घालायचा का?” काकू म्हणाली.

“मी घातला होता!”

“कुनाची वो ही पोरगी?” मागच्या बाईने विचारलं.

“आमचीच हाय. लई शिकलीय,” काकूने सांगितलं, आणि बायका हसत सुटल्या. मीही इतकी हसले की डबा खाली ठेवावा लागला.

तिथेच पावतीच्या पाठीवर मी पुन्हा मांडलं. तिसातून आठ गेले, बावीस. सहासष्ट हजार भागिले बावीस, तीन हजार किलो.

“दिवसाला किती धरू? तीस किलो?”

“हावरटपणा नको. पंधरा धर. हंगामाचे दिवस शंभर.”

म्हणजे दोन हंगाम. मी त्या चुरगळलेल्या कागदावर गोल काढला, जरा मोठाच.

संध्याकाळी काकांसमोर तिने लातूरला फोन लावला. तिकडून विक्रेता किंमत सोडेना. काकूने एकदम फोन माझ्या हातात दिला. “तूच बोल.”

मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं टाळते. गॅसचा नंबरसुद्धा भावाला लावायला सांगते. तरी विचारलं, “जाळ्यांचे आणि गाडीभाड्याचे वेगळे किती लावलेत?”

“बावीसशे, ताई.”

“ते तुम्ही सोडा. मग आज पक्कं करतो आम्ही.” एका दमात बोलून टाकलं.

“बरं ताई. पाठवतो बुधवारी.”

मी फोनवर हात ठेवला. “काकू, बावीसशे सोडले. म्हणजे शंभर किलो कमी.”

मग ती काकांकडे वळली. “आवो, शंभर किलो वाचले!”

“कशाचे किलो?”

“बसा हितं. सांगते,” म्हणत तिने माझी वही ओढून घेतली, कोरं पान काढलं आणि काकांच्या पुढ्यात पहिली रेषा ओढली. ती बरीच वाकडी गेली. मी ती तशीच राहू दिली.