पास्कलकाकांचं कोरं तेल

पास्कलकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आपल्या ड्राइव्हवेवर उभे राहून भल्यामोठ्या पातेल्यात एक साफ केलेली टर्की बुडवत होते. पातेल्यात तेल नव्हतं, नळाचं पाणी होतं. पक्षी बाहेर काढल्यावर पाणी जिथवर उतरलं, तिथे त्यांनी लाकडी पट्टी उभी धरून पेन्सिलीनं खूण केली. मग पाणी ओतून दिलं आणि पातेलं पुसून कोरडं केलं, पुन्हा पुसलं. आम्ही त्याच आठवड्यात कॅनडातल्या मार्कहॅममध्ये राहायला आलो होतो. माझी मुलगी आ वासून बघत उभी होती म्हणून मी तिला मराठीत दटावलं, तर हे गृहस्थ मान न वळवता वसईच्या हेलात म्हणाले, "ओरडू नको तिला, बाय. बघण्यासारखंच आहे ते."

तेल किती घालायचं हे आधी पाण्यानं मोजायचं, नाहीतर पक्षी आत सोडताच तेल उतू जातं आणि शेगडीवर पडून भडकतं, हे त्यांनी मला तिथल्या तिथे समजावलं. तेल त्या पेन्सिलीच्या खुणेपर्यंत, टिपूसभर जास्त नाही. वसईहून आलेला हा माणूस तीस वर्षं एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करत होता आणि आता निवृत्त होता. बायको वारली होती. दोन मुलगे कॅलगरीला. ते दर वर्षी "धिस इयर फॉर शुअर, डॅड" म्हणायचे आणि यायचे नाहीत. काकांच्या गॅरेजमध्ये स्क्रूसुद्धा मापाप्रमाणे बरण्यांत असायचे आणि प्रत्येक बरणीवर देवनागरीत चिठ्ठी. पातेल्याच्या काठाला लांब दांड्याचा थर्मामीटर लावलेला असायचा. झालं का, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "काटा बघ, माझं तोंड नको बघू."

वर्षातून दोनदा त्यांच्याकडे टर्की तळली जायची, ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगला आणि मग ख्रिसमसला. ओव्हनमधली टर्की म्हणजे भिजवलेला पुठ्ठा, असं त्यांचं मत होतं. एका वर्षी सगळे पाहुणे जमलेले, तेल तापलेलं, आणि काकांनी टर्कीच्या पोटात हात घातला तर आत बर्फाचा एक खडा लागला. त्यांनी शेगडी बंद केली. बर्फ तेलात गेला तर तेल अंगावर येईल, म्हणाले, आणि अडीच तास पंधरा माणसं उपाशी बसवली. कुणी कितीही चिडवलं तरी हलले नाहीत. मी त्या दिवसापासून या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला.

आम्ही शाकाहारी. हे कळल्यावर त्यांनीच तोड काढली. शेंगदाण्याचं तेल बारा लिटर, दर वेळी कोरं. त्यात आधी आमचे बटाटेवडे, मग टर्की. मी वड्यांचं सारण आणि पीठ घेऊन जायचे, काका झारा धरायचे. वडे ताटात आले की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "एकाच पातेल्यातलं, पण ज्याचं त्याला." या वाक्याचा त्यांना कोण अभिमान होता. सहा वर्षं असं चाललं.

सातव्या वर्षी आई आली. वडील गेल्यापासून तिनं परक्या हातचं आणि मांसाला लागलेलं काहीही खाणं सोडलं होतं. तो तिचा नेम होता, आणि तिचं असं उरलेलं जे काही थोडं होतं त्यातला तो एक होता. आमच्या घरी ती दिवसभर गप्प असायची. आम्ही दोघं ऑफिसला, नात इंग्रजीत उत्तरं देणार. काकांनी तिला कुंपणापलीकडून "ताई, सांगलीकडच्या का?" असं विचारलं आणि ती पाऊण तास बोलत उभी राहिली. इतकी बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

ऑक्टोबरात ती माझा जाडा पार्का साडीवर चढवून त्यांच्या ड्राइव्हवेवर घडीच्या खुर्चीत बसली. या पातेल्यात पूर्वी टर्की तळली आहे हे तिला मी सांगितलं होतं. त्यावर तिचा नियम साफ होता: "भांडं घासता येतं. तेल घासता येत नाही." काकांनी तिच्यासमोर पातेलं घासलं, विस्तवावर कोरडं तापवलं, आणि तेलाच्या डब्यांची सीलं तिच्याच हातानं फोडून घेतली. आईनं स्वतः वडे सोडले आणि चार खाल्ले. त्या संध्याकाळी ती म्हणाली, असा माणूस आपल्यातही मिळायचा नाही. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ख्रिसमसला आम्ही गेलो तेव्हा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढलेला होता आणि पातेलं आधीच शेगडीवर चढलेलं होतं. थंडीत तेल तापायला वेळ लागतो म्हणून लवकर चढवलं, असं काका म्हणाले. आईनं विचारलं, "कोरं ना, पास्कलभाऊ?" तिच्या डोळ्यांत बघून ते म्हणाले, "कोरं, ताई." तिनं वडे तळले, खाल्ले, त्यांनाही आग्रह केला.

मी आणखी एक खुर्ची आणायला गॅरेजमध्ये गेले. फळीवर तेलाचे रिकामे डबे निथळायला उपडे घातले होते. त्यांतल्या एकावर काकांच्या नीटस अक्षरात चिठ्ठी होती: टर्की, ऑक्टोबर. गाळलेलं. ख्रिसमससाठी.

मी ती तीनदा वाचली. मग आठवलं की गेली सहाही वर्षं डिसेंबरात सील फुटताना मी पाहिलंच नव्हतं. दर वेळी पातेलं आधीच चढलेलं असायचं. काका चिमटा न्यायला आत आले आणि माझ्या हातातला डबा बघून थांबले.

"हे तेल ऑक्टोबरचं आहे?" मी विचारलं.

"गाळलंय, बाय. तीन वेळा, फडक्यातून. पाण्यासारखं स्वच्छ आहे."

"तुम्ही कोरं म्हणालात. आईला."

ते चिमटा पुसत राहिले. "बारा लिटर चांगलं तेल फेकायला माझा हात होत नाही. एकदाच तर वापरलेलं. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता का? ख्रिसमसला या घरी दुसरं कोण येतं?"

गाळून ठेवलेलं तेल पुन्हा वापरणं आमच्याही घरी चालतं. पण आमच्यासाठी लिटरभर कोरं तेल वेगळ्या पातेलीत घेता आलं असतं. पाण्यात टर्की बुडवून खूण करायचं ज्याला सुचतं, त्याला हे सुचलं नसेल? सुचलं असणार. पण मग त्यांना 'एकाच पातेल्यातलं' म्हणता आलं नसतं. मला वाईट वाटलं असं म्हणणं कमी आहे, मी फसवली गेले होते, आणि मीच विश्वासानं माझ्या आईला तिथे नेऊन बसवलं होतं. बाहेरून आईची हाक आली, पास्कलभाऊंसाठी गरम वडे काढलेत, घेऊन जा. मी बाहेर गेले, तिच्या हातून ताट घेतलं आणि त्यांना आणून दिलं. आईला काहीच बोलले नाही. तिचा नेम मोडला होता, आता तो मोडल्याचं तिला सांगून काय मिळणार होतं?

मार्चमध्ये ती परत गेली. पुढच्या ऑक्टोबरात मी बोलावणं टाळलं. काकांनी फोनवर निरोप ठेवला, "मेधा, यंदापासून दोन्ही वेळा कोरं आणणार आहे. सील तू येऊन फोड. मी थांबतो." दुपारभर ते ड्राइव्हवेवर उभे असलेले मी वरच्या खिडकीतून पाहिले. शेगडी पेटलेली नव्हती. मी गेले नाही. त्या हिवाळ्यात मुलगा येऊन त्यांना कॅलगरीला घेऊन गेला आणि वर्षभरात ते तिथेच वारले.

आईला मी फोन करून सांगितलं.  देवापाशी दिवा लावते, ती म्हणाली. गेली दोन वर्षं ती तिथल्या बायकांना सांगत आली होती की कॅनडातल्या एका ख्रिस्ती माणसानं तिचा नेम कसा सांभाळला. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मेधा, ख्रिसमसला वडे सोडले तेव्हा तेलाला जरा फेस आला होता गं, वापरलेल्या तेलाला येतो तसा. मी कुणाला बोलले नाही. तेल कोरंच होतं ना?"

"कोरंच होतं, आई," मी म्हणाले.

माझा आवाज अगदी त्यांच्यासारखाच सरळ निघाला. या एका वाक्यासाठी मी पास्कलकाकांना अजून माफ केलेलं नाही.