पुरणपोळ्यांसकट गाडी

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. ठेवा म्हणतो ना! मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्याला ठसका लागला आणि माझा धुतलेला शर्ट गेला. आणि मधे मधे "काहीतरीच काय, असं कसं होईल?" म्हणू नका. झालंय. माझ्या हातून झालंय.

माझी गाडी तुम्ही पाहिली आहे. क्रीम रंगाची. आमच्या तरुणपणी रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या दिसायच्या, त्यातली लहान जात. लोणावळ्याच्या बाजारात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, तेव्हा घेतली. त्याला पस्तीसएक वर्षं झाली. दुकान बंद झालं. मुलगी अश्विनी लग्न होऊन बेंगळुरूला गेली. चार वर्षांपूर्वी माझी बायको सुमन गेली. कुसगावच्या घरात राहिलो मी आणि दारात राहिली गाडी.

लोक म्हणतात, विकून टाका. कुणाला विकू? तिचे नखरे मला माहीत! चोक ओढायचा, एकदा गोंजारायचं, दुसऱ्यांदा विनवायचं, तिसऱ्यांदा शिवी द्यायची, की सुरू. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजतो. डावी काच अर्ध्यावर येऊन थांबते, पुढे ब्रह्मदेव आला तरी चढत नाही. आणि डाव्या सीटवर सुमनची उशी. पोपट विणलेली. ती तिथेच असते. दर बुधवारी मी बाजाराला निघतो आणि वाटेत त्या उशीशी बोलतो. हो, बोलतो! तुम्ही टीव्हीशी बोलत नाही का?

आता, गाडी घरी आली तो दिवस सुमन दरवर्षी साजरा करायची. बॉनेटला हळदकुंकू, समोर नारळ आणि घरात पुरणपोळ्या. मी चेष्टा करायचो, "अगं, माझ्या वाढदिवसाला साधा शिरा आणि हिला पुरणपोळी?" ती म्हणायची, "ती कधी उलटून बोलत नाही."

तर त्या दिवशी नेमका तोच दिवस होता आणि बुधवारही होता. भाद्रपदातलं लोणावळ्याचं धुकं म्हणजे तुम्हाला सांगायला नको. स्वतःचा हात पुढे केला तर तो आपलाच आहे का, अशी शंका येते. बाजारात माझी गाडी नेहमी उंबराखाली उभी असते. तिथे एक टेम्पो उभा होता म्हणून मी थोडी पुढे लावली. भाजी घेतली, दोन नारळ घेतले आणि विचारांच्या नादात परत आलो. उंबराखाली. सवयीने. गाडी होतीच तिथे! क्रीम रंगाची. किल्ली लावली, दार उघडलं, बसलो.

चोक ओढणार, तोच गाडी सुरू!

पहिल्या झटक्यात! मी दचकलो. हॉर्न दाबला. वाजला! गाडी जागेवर उभी असताना वाजला! डावी काच फिरवली. चढली! सीटला नवंकोरं कव्हर. उशी मात्र दिसेना. मी काय समजलो असेन? समजलो, धुवायला नेली असेल कुणीतरी.

हसताय? हसा. पण मागे वळून पाहिलं तर मागच्या सीटवर स्टीलचा डबा. झाकण उघडलं.

पुरणपोळ्या.

आता मला सांगा, आजचा हा दिवस, गाडी दुरुस्त झालेली आणि डब्यात पुरणपोळ्या. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात? मी म्हटलं, कुणीतरी आठवण ठेवली. चार वर्षांत एकाही माणसानं या दिवसाची आठवण काढली नव्हती. डोळ्यांसमोर आधीच धुकं, त्यात माझं स्वतःचं धुकं. मी तिथे बसल्या बसल्या एक पोळी खाल्ली. मग दुसरी. अगदी सुमनच्या हातची! वेलची कमी, जायफळ जरा पुढे. मी रिकाम्या सीटकडे बघून म्हटलं, "बघितलंस?"

पण केलं कुणी?

पहिला संशय युनूसभाईंवर. आमचे मेकॅनिक, गाडीचे जन्मापासूनचे डॉक्टर. गॅरेजसमोर रस्त्यावर गाडी थांबवून आत गेलो. युनूसभाई एका जीपखाली आडवे, बाहेर फक्त दोन पाय. मी पायांशीच बोललो.

"युनूसभाई, केलंत तुम्ही काम!"

"केलं ना भाऊ, कालच केलं," पाय म्हणाले.

"पण कुणी सांगितलं हो तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुमचं काम म्हणजे घरचं काम."

मी त्या पायांजवळ वाकलो. "आणि पुरणपोळ्या?"

तेवढ्यात शेजारी कुणीतरी ग्राइंडर चालू केला. जीपखालून आवाज आला, "हां, हां! घेऊन जा, तिकडं कोपऱ्यात ठेवलीय!"

कोपऱ्यात माझी स्टेपनी होती. आठवड्यापूर्वी पंक्चर काढायला दिलेली. युनूसभाई सगळा वेळ त्या स्टेपनीबद्दल बोलत होते, हे कळण्याइतकी अक्कल त्या क्षणी माझ्या जवळपासही नव्हती. मी स्टेपनी डिकीत टाकली, पायांना नमस्कार केला आणि निघालो.

मशीन युनूसभाईंनी दुरुस्त केलं हे ठरलं. पोळ्या त्यांच्या घरच्या नसणार. मग शेजारच्या सखूमावशी! त्या दारात शेंगा निवडत होत्या. मी डबा घेऊन उभा राहिलो.

"मावशी, लय उपकार झाले! पोळ्या काय झाल्यात!"

"कंच्या पोळ्या?"

"आता लपवू नका. आजचा दिवस तुमच्या लक्षात राहिला."

"भाऊ, आज कंचा दिवस हाय? म्या काय बी केल्यालं न्हाई. माजं गुडगं दुखत्यात, म्या कुटं पुरण वाटाय बसू?"

मला वाटलं, लाजतायत. दोन पोळ्या त्यांच्याच हातात ठेवल्या. मावशींनी तिथंच एक तुकडा तोडला. "ग्वाड हाय," म्हणाल्या, "पर माजी न्हाई बा. तुमच्या पोरीनं धाडली आसंल."

पोरीनं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बेंगळुरूहून फोनवर सगळी व्यवस्था केली असणार! हल्लीच्या मुलांना घरबसल्या काय वाट्टेल ते पाठवता येतं. मी तिथूनच फोन लावला.

"बाबा? या वेळेला? बरं आहे ना सगळं?"

"अश्विनी, तूच केलंस ना हे?"

"काय केलं?"

"अगं, गाडी! हॉर्न! पुरणपोळ्या! मला वाटलं होतं, आजचा दिवस आता फक्त मलाच..." रडलो हो मी. सखूमावशींच्या दारात, हातात डबा घेऊन, लहान पोरासारखा.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हळूच, "हो बाबा. मीच. आवडलं तुम्हाला?"

आवडलं का विचारते! मी तिला गाडीचा नवा आवाज फोनवर ऐकवला. हॉर्न वाजवून दाखवला. मावशींची कोंबडी उडून कौलावर गेली, इतका वाजवला. अश्विनी म्हणाली, "फोटो पाठवा ना, मी पण बघते." मी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, ऐटीत समोरून फोटो काढला आणि पाठवला.

लगेच फोन.

"बाबा, नंबर बघा."

"कुणाचा?"

"गाडीचा! मी लहान असताना हरवले तर पत्त्याच्या आधी गाडीचा नंबर सांगायचे. तुम्हीच पाठ करून घेतला होता. हा आपला नंबर नाहीये. ही आपली गाडीच नाहीये, बाबा!"

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. पायाखालची जमीन म्हणजे काय असते ते मला तेव्हा कळलं, कारण ती सरकली.

"अगं, मग तू कुणाच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करवलास?"

"मी काहीच केलं नाही बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "मला आजचा दिवस आठवतही नव्हता. तुम्ही रडत होतात. आई गेली तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडला नव्हतात. मला नाही म्हणवेना."

तिकडे तिच्या ऑफिसातली कुजबुज, इकडे मावशींची कोंबडी. मग अश्विनी घाबरून म्हणाली, "पण बाबा, मग पुरणपोळ्या कुणाच्या?"

वाटेत खाल्लेल्या दोन धरून चार पोटात होत्या. दोन मावशींकडे. डब्यात तीन.

परत लोणावळ्याला जाताना मी गाडी इतकी जपून चालवली की एक सायकलवाला पुढे निघून गेला. एवढा छान हॉर्न, पण वाजवायची हिंमत होईना. उंबरापाशी आलो तर थोडं पुढे ही गर्दी! गर्दीत माझी गाडी. माझ्या गाडीत एक पांढऱ्या केसांच्या बाई. आणि दारापाशी डोकं खाजवत उभा असलेला हवालदार.

"आवो बाई, पुन्यांदा सांगा. गाडी चोरीला गेली का न्हाई?" हवालदार विचारत होता.

"नाही! गाडी इथेच आहे. गाडीतलं सगळं चोरीला गेलंय! नवी कव्हरं काढून ही फाटकी घातली. हॉर्न नेला. डावी काच बिघडवून गेले. माझा डबा नेला!"

"आन् गाडी ठिवली?"

"ठेवली! वर आणखी ही पोपटाची उशी ठेवून गेले. चोर उशी ठेवून जातात का हो?"

"न्हाई बा," हवालदार म्हणाला. "माज्या नोकरीत तरी न्हाई."

मी गर्दीतून पुढे झालो. डबा दोन्ही हातांनी धरलेला, देवळात प्रसाद नेतात तसा. म्हटलं, "बाई, चोर मी आहे."

मग उलगडा झाला. मी भाजी घेत असताना टेम्पो गेला आणि बाईंनी त्यांची गाडी उंबराखाली लावली. ती मी नेली. त्या परत आल्या तेव्हा उंबराखाली काही नाही, चार पावलं पुढे धुक्यात क्रीम रंगाची गाडी दिसली. त्यांना वाटलं, आपणच पुढे लावली असेल. कुलपं तर दोन्ही गाड्यांची इतकी झिजलेली की किल्ल्यांनी भेदभाव करायचं कधीच सोडून दिलं होतं.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, पस्तीस वर्सं वापरताय. आपली गाडी वळकू आली न्हाई?"

"धुकं होतं हो."

"गाडीच्या आत बी?"

हॉर्न वाजला, काच चढली, उशी नाही, सगळं दिसलं मला. फक्त ही माझी नसेल, एवढं एकच मनात आलं नाही. येऊ दिलं नाही म्हणा.

बाईंचं नाव रणदिवे. पुण्याच्या बाजूला घोरावडी स्टेशनाजवळ एकट्या राहतात. गाडी त्यांच्या यजमानांची. "हे गेल्यावर मुलं म्हणाली, विकून टाक. मी म्हटलं, आधी मला विका." खंडाळ्याला भावाकडे डबा घेऊन आल्या होत्या. भाऊ न सांगता मुंबईला गेलेला, घराला कुलूप. म्हणून डबा परत चालला होता.

"किती खाल्ल्यात?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हणालो. "पण बाई, रागावू नका. चार वर्षांनी अशी चव लागली. ते जायफळ! अगदी माझ्या बायकोच्या हातचं. तुमच्या हाताला देणगी आहे."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. उरलेल्या तीनमधल्या दोन मला कागदात बांधून दिल्या. मी माझी स्टेपनी त्यांच्या डिकीतून काढून घेतली आणि हवालदारानं आम्हाला एकमेकांचे नंबर घ्यायला लावले. "पुन्ना घोटाळा झाला तर आपसात फोन करा. मला नगा बोलावू."

चार दिवसांनी फोन आला. रणदिवेबाई.

"तुम्हाला एक सांगायचंय. त्या पोळ्या माझ्या हातच्या नव्हत्या. मला पुरणपोळी येतच नाही. उंबरासमोर चिक्कीचं दुकान आहे ना, त्याला लागून जे मिठाईचं दुकान आहे तिथल्या. भावापुढे मिरवायला डब्यात भरल्या. तुम्ही भर रस्त्यात डोळ्यांत पाणी आणून जायफळाचं बोलत होतात, मला खरं सांगवेना."

उंबरासमोर! दर बुधवारी त्या दुकानाच्या पायरीला पाय टेकून मी भाजीची पिशवी बांधतो!

मी त्याच दिवशी गेलो, पोळ्या आणल्या. घरी ताटात घेतल्या, तूप घातलं, बसलो. काही नाही. नुसत्या गोड. जायफळ औषधालासुद्धा नाही. मी बाईंना फोन करून तक्रार केली. त्या हसल्या.

"अहो, एकट्यानं घरात बसून खाल्ल्या तर अशाच लागणार. दारात गाडी आहे ना? डबा भरायचा आणि निघायचं. ऊन पडलंय आज."

पटलं मला. म्हटलं, बरोबर आहे, त्या दिवशी गाडीत खाल्ल्या होत्या! चोक ओढला, गोंजारलं, विनवलं, शिवी दिली, निघालो. थेट खंडाळ्याचा घाट गाठला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, दरीकडे तोंड करून, एकटाच, तीन पोळ्या खाल्ल्या. तशाच. नुसत्या गोड.

रात्री अश्विनीला सगळं सांगितलं. म्हटलं, बाईंचा उपाय काही लागू पडला नाही.

ती म्हणाली, "बाबा, त्या बाई राहतात कुठे?"

"घोरावडीला."

"मग तुम्ही खंडाळ्याला कशाला गेलात?"