भलरीचे चार बंद माइक

"नऊ ते बारा नंबरचे माइक बंद ठेवा," शिरीष सर दुपारी साडेतीनला मला म्हणाले. "पण स्टेजवरनं काढू नका हं. दिसायला छान दिसतात."

मी मिक्सरवर होतो. मिक्सर म्हणजे साउंडवाल्याच्या पुढ्यात असतं ते बटणांचं टेबल. स्टेजवरचा एकेक माइक त्यातल्या एकेका पट्टीला जोडलेला असतो. पट्टीवरचं सरकतं बटण म्हणजे फेडर. फेडर वर केला की आवाज बाहेर, खाली ओढला की आवाज गेला. नऊ ते बारा नंबरच्या पट्ट्यांवर माले गावाहून आलेल्या चार बायका होत्या. त्यातली नऊ नंबरची कोंडाबाई म्हणजे माझी सख्खी आत्या.

मी पुण्याजवळच्या भुकूम गावचा. वीस वर्षं साउंडचं काम करतोय. लग्नं केली, जागरणं केली, पुढाऱ्यांच्या सभा केल्या. मग आमच्याच शिवारात टाउनशिप उभी राहिली आणि तिचे वर्षभराचे सगळे कार्यक्रम माझ्याकडे आले. या टाउनशिपला स्वतःचा क्वायर आहे. चाळीस माणसं उभी राहून एकच गाणं एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या सुरांत म्हणतात, त्याला क्वायर म्हणायचं. शिकवतात मिनी मॅडम. त्या केरळच्या, पण मराठी बोलतात. सेक्रेटरी शिरीष सर. ते पुण्याचे आणि मराठीच, पण बोलतात इंग्रजी.

त्या वर्षी त्यांनी चार कार्यक्रमांचा सीझन जाहीर केला. प्रत्येक कार्यक्रम वेगळ्या लोकांच्या गाण्यांचा. पहिला बंगाली, दुसरा मल्याळी, तिसरा नाताळची कॅरल्स. शेवटचा 'इथल्या मातीची गाणी'. पहिले तिन्ही चांगले झाले, खोटं कशाला बोलू. बंगाली कार्यक्रमात एक काकू मधेच खोकत होत्या, त्यांचा माइक चालू होता. मल्याळी कार्यक्रमात एका रहिवाशाची आई सुरापासून पार लांब गेली, तिचाही चालू होता. तिला टाळ्या पडल्या. तेव्हा शिरीष सर माझ्याकडे आले नव्हते.

चौथ्यासाठी गाणं नाताळच्या आधीच शोधायला घेतलं होतं, तेव्हा मिनी मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, माझी आत्या भलरी म्हणते. भलरी म्हणजे भात लावताना, कापताना रांगेनं म्हणायचं गाणं. एकीनं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. कापणीच्या दिवसांत मी मॅडमना माल्याला घेऊन गेलो आणि भाताच्या खाचरात उभं राहून रेकॉर्डिंग केलं.

आत्याची एक पद्धत आहे. रांगेत कापत पुढं जाताना कुणी ना कुणी मागं पडतंच. कुणाचं वय झालेलं असतं, कुणाला कणकण असते. मग आत्या पुढची ओळ सोडत नाही. तीच ओळ पुन्हा म्हणते, पुन्हा म्हणते, मागची बाई रांगेला येईस्तोवर. कधी दोनदा, कधी सातदा. मिनी मॅडम बांधावर बसून नुसत्या बघत राहिल्या.

ते रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलं. तिथं त्यावर ट्रॅक करायचा होता. ट्रॅक म्हणजे आधीच वाजवून ठेवलेली वाद्यांची साथ. क्वायर त्याच्यावर गातो. ट्रॅक मोजून मापून असतो, कुणासाठी थांबत नाही. स्टुडिओवाले म्हणाले, बाई तीच तीच ओळ किती वेळा म्हणते, एवढं कापून द्या. मी लॅपटॉप घेऊन बसलो आणि कापलं. अकरा मिनिटांची भलरी चार मिनिटांवर आणली. वाद्यांच्या मधे आत्याचा आवाज, गुळगुळीत. मला वाटलं, काय भारी झालंय. आत्याला मी यातलं काही सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साउंड चेक होता. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. ट्रॅक सुरू केला. आत्यानं ओळ सोडली, क्वायरनं उचलली. मागच्या रांगेतले एक रिटायर्ड साहेब शब्दांत अडकले. आत्यानं मान वळवून पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. ट्रॅक पुढं निघून गेला होता. नुसता गोंधळ, त्यात ट्रॅकमधला स्वतःचा आवाज आत्याला वेगळा कळलाही नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. ती साहेबांसाठी थांबत होती हो. आणि शिरीष सरांना वाटलं, हिला ताल कळत नाही.

मग ते माइकचं बोलणं झालं. मी म्हणालो, ट्रॅक बंद करूया, गाणं त्यांचं आहे.

"क्वायरनं दीड महिना प्रॅक्टिस केलीय ट्रॅकवर," ते म्हणाले. "आणि ट्रॅकमधे आवाज त्यांचाच आहे ना? मग प्रॉब्लेम काय? त्या उभ्या राहून गातील. ऐकू ट्रॅकमधला येईल. कोणाला कळणार आहे?"

"त्यांना कळेल की."

"त्यांना सांगायचं नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बंगाली काकूंना खोकायची मुभा, आणि जिच्या माहेरच्या शिवारात तुमचं क्लबहाउस उभं आहे तिनं नुसतं तोंड हलवायचं? हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण टाउनशिपचं वर्षभराचं काम डोळ्यांपुढं आलं आणि मी मान हलवली. चारही फेडर खाली ओढले.

साडेपाचला आत्या मिक्सरपाशी आली. माल्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, लॉनच्या पार मागं गवतावर बसली होती. आत्यानंच सगळ्यांना सांगून आणलं होतं. ती म्हणाली, "संतोष, आवाज पार मागपतुर जाईल ना रं? आपली मान्सं लई लांब बसल्यात."

"जाईल," मी म्हणालो.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. भलरी तिसरी होती. मी ट्रॅक सोडला. पहिली ओळ बरोबर गेली. दुसऱ्या ओळीला साहेब पुन्हा मागं पडले. आत्यानं मान वळवली आणि तीच ओळ पुन्हा धरली. पण स्पीकरमधून तिचाच आवाज तिसऱ्या ओळीला गेला होता. तिच्या पायाशी मॉनिटर होता. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडं तोंड करून ठेवलेला स्पीकर. त्यातून आत्याला आत्या ऐकू आली.

ती गप्प झाली. तोंड मिटलं. आणि स्पीकरमधून तिचं गाणं चालूच.

पुढच्या खुर्च्यांतून हसायला सुरुवात झाली. एकानं मोबाइल वर धरला. बाकीच्या तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्यानं माइकवर बोट आपटून बघितलं. टकटक झालं नाही. ती काहीतरी बोलली, तेही कुणाला ऐकू आलं नाही. मग तिनं सगळ्या लॉनवरून सरळ माझ्याकडं पाहिलं. मागं गवतावर बसलेली माल्याची माणसं हसत नव्हती.

शिरीष सरांचा राग होताच. हसणाऱ्यांचा होता. पण त्या घडीला मला सगळ्यात जास्त संताप आला तो माझाच. मी ट्रॅक बंद केला आणि चारही फेडर वर केले. मागून शिरीष सर धावत आले, काय करताय म्हणून. मी म्हणालो, "खाली बसा." वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाशी मी असा बोललो नव्हतो.

पहिला आवाज बाहेर आला तो आत्याचा. "चालू झाला व्हय?" सगळ्या लॉनला ऐकू गेलं. मग ती मिनी मॅडमकडं वळली. "बाई, तुमचं ते मागचं दादा राह्यलं मागं. त्यांना येऊ द्या. आमी थांबतो."

मिनी मॅडमनी हात खाली घेतले. क्वायर चालवणाऱ्या बाईनं हात खाली घ्यायचे म्हणजे गाडी चालवताना स्टिअरिंग सोडायचं. त्या बाजूला झाल्या आणि क्वायरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आत्यानं ओळ सोडली. साहेबांसाठी पाच वेळा म्हटली. सहाव्या वेळी ते रांगेला आले, मग ती पुढं गेली. चाळीस माणसं तिच्या मागून. वाद्य एकही नाही. हसणारे कधी गप्प झाले ते मला कळलं नाही, मी फेडरवरनं नजर काढली नाही. गाणं अकरा मिनिटं चाललं.

टाळ्या चालू असतानाच शिरीष सर स्टेजवर गेले. साउंडच्या तांत्रिक बिघाडाबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. बिघाड! मग आत्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला. मी मागं वायरी गुंडाळत ते ऐकत होतो. दात-ओठ खाण्यापलीकडं काही करता आलं नाही. बिघाड साउंडचा नव्हता म्हणून सांगायला गेलो असतो, तर कुणी फेडर ओढले तेही सांगावं लागलं असतं.

मंडळी टेम्पोत बसत होती. मी आत्याला म्हणालो, आत्या, शेवटी लई भारी झालं. ती चढता चढता थांबली.

"माइक बंद हाय, हे तुला ठावं व्हतं?"

"व्हय. दुपारपासनं."

"मग दुपारीच सांगायचं. भाकरी खाऊन घरी गेलो असतो आमी. गाडीभर मान्सं कशापायी आणली असती हसं करून घ्यायला?"

टेम्पोतल्या बायका ऐकत होत्या. शाल तिनं घडी करून माझ्या हातात दिली, म्हणाली ठेव तुझ्या वायरींवर टाकायला, आणि वर चढली.

टाउनशिपचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. आभाराचा मेसेज आला, खाली दोन हात जोडलेले. शिरीष सरांना मी आजही येता-जाता शिव्या घालतो. पण त्यांना मिक्सर चालवता येत नाही. फेडर खाली ओढले ते मी. जाईल म्हणालो तोही मीच.

आता काम घेतानाच सांगतो. माणसासमोर मी जो माइक लावीन तो चालू असेल. शोचा हवा असेल तर दुसरा साउंडवाला बघा. त्यावरून दोन कामं गेली, जाऊ देत.

आत्या बोलते माझ्याशी, तसं काही नाही. या उन्हाळ्यात तिच्या नातीचं लग्न झालं. आमंत्रण द्यायला ती स्वतः भुकूमला आली, सगळ्यांना घेऊन ये म्हणाली. आम्ही गेलो. साउंडचं काम तिनं पौड गावच्या माणसाला दिलं होतं. मी जेवलो, आहेर केला आणि परत आलो.