सत्काराची शाल आणि मागाचा खड्डा

डिकीत वीस शाली, वीस नारळ आणि एक बॅनर घालून आम्ही भल्या सकाळी पुण्याहून निघालो. बॅनरवर 'स्थानिक पारंपरिक व्यवसायांना पाठबळ' असं लिहिलं होतं आणि पाठबळ देणाऱ्या आमच्या कंपनीचं नाव त्याच्या तिप्पट मोठं होतं. कंपनीची सामाजिक जबाबदारी साहेब आणि मी असे दोघं मिळून वाहतो. बाकीचे त्या ओझ्यातून मोकळे आहेत. शाली मीच खरेदी केल्या होत्या, हे आधीच कबूल केलेलं बरं.

सातारा मागे पडला तसा ऊसही मागे पडत गेला. पुसेगावनंतर बाजरीची शिवारं, मग नुसता माळ. वडूजला मिसळ खाल्ली. साहेबांनी 'कमी तिखट' सांगितली होती. मालकाने तर्री वेगळ्या वाटीत आणून ठेवली आणि म्हणाला, "घालू नगा, पर बघत बघत खावा." साहेबांनी घातलीच. पुढचे दहा किलोमीटर ते काही बोलले नाहीत. एवढा शांत प्रवास मी त्यांच्याबरोबर कधी केला नव्हता.

आम्हाला जायचं होतं ते गाव वडूजच्या पुढं. तिथे घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजातले तात्या राहतात. वय सत्तरीच्या आसपास. त्यांचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या (मागाच्या दांड्या) दाबायच्या, हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली होती आणि घरभर तिचा आंबूस वास होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "किती अस्सल."

आदल्या महिन्यात कंपनीने तात्यांना तीन दिवस विणकाम शिकवायला पुण्याहून एक मुलगी पाठवली होती. "पोरगी गुणाची," तात्या म्हणाले. "तिला गाठ मारता येत नव्हती. मी शिकवली." प्रमाणपत्र मात्र तात्यांना मिळालं होतं. ते देवांच्या फोटोंशेजारी टांगलेलं होतं.

तात्यांनी पाहुण्यांसाठी अंगणात काळी घोंगडी अंथरली होती. ती टोचेल म्हणून साहेबांनी तिच्यावर चादर टाकायला लावली. मग सत्कार सुरू झाले. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, निवृत्त सुभेदार असं करत करत अठरा शाली संपल्या. घोंगडी विणणारा गावात एकच होता, त्याला एकोणिसावी मिळाली.

खांद्यावर शाल पडली तसा तात्यांचा अंगठा तिच्या काठावर फिरला. सवयच ती. त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, ही कुणी इणली?"

"मशीनवरची आहे, तात्या."

"मग सत्कार त्येचाच करायचा की."

मी हसले, आणि मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोंगडीवाल्याच्या खांद्यावर मी गिरणीची शाल घातली होती आणि दुकानात रंग निवडताना मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

भाषणं झाल्यावर तात्या उठले. "साहेब, शिकवायला मानूस धाडलासा, उपकार झालं. पर मला काम द्या. तुमच्या गेटवर राखणदार असत्याल. थंडी-पावसाला त्येंना एकेक घोंगडं घ्या. तेवढ्यावर माग चालंल. न्हाईतर खंडेनवमीला पूजा करून खड्डा बुजवायचा ठरलाय. सून तितं पिठाची चक्की बसवनार हाय."

"आपलं धोरण खरेदीचं नाही तात्या, सक्षमीकरणाचं आहे," साहेब म्हणाले.

"बरं," म्हणून तात्या खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगली जिल्ह्यात उतरलो. आटपाडीजवळ साहेब विश्रामगृहात पोटाची काळजी घेत राहिले आणि मी एकटीच माळावर गेले. तिथे बिरा नावाचे धनगर मेंढरं राखत होते. लोकरीचं काय करता, मी विचारलं.

"कातरतो आन् बांधाला टाकतो. आदी सनगर दारात यायचं न्यायला. आता माग न्हाईत, कोन येनार?"

तेवढ्यात जोराची सर आली. मी उरलेली विसावी शाल डोक्यावर घेतली. ती क्षणात भिजून चिकटली. बिरांनी आपल्या घोंगडीची खोळ (डोक्यावरून पाठीवर सोडलेली घडी) केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. आत एक थेंब आला नाही. टोचत होती, पण मला फार बरं वाटलं.

"तुमाला न्हाई का?" मी विचारलं. त्यांची भाषा तोंडात कधी आली, कळलं नाही.

"मी काय विरघळतोय?"

पुण्यात आल्यावर मी राखणदारांसाठी घोंगड्यांचा प्रस्ताव लिहिला आणि नोकरीत पहिल्यांदाच साहेबांशी भांडून त्यावर सही घेतली. खरेदी विभागाने तो परत पाठवला. नियमाप्रमाणे त्याच तालुक्यातल्या तीन विणकरांचे दर हवे होते. मी तात्यांना फोन केला.

"तीन?" ते म्हणाले. "धाकला भाऊ हुता, चुलता हुता. तवा यायचं हुतं, ताई."

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात संगणकांना झेंडूचे हार घातले. मी वार्षिक अहवालात तात्यांच्या सत्काराच्या फोटोखाली 'परंपरेला नवी उभारी' असं लिहीत होते. शब्द माझेच, कुणी सांगितले नव्हते. तशीच उठून बाहेर गेले आणि तात्यांना फोन लावला. पलीकडे फावड्याचा आवाज येत होता.

"पूजा झाली. माग खोलून माळ्यावर ठेवला," तात्या म्हणाले. "तुमची शाल कामाला आली बगा. लाकडाला गुंडाळली. लोकरीची असती तर कसर लागली असती."