एक शिवी, दोन केसेस

दुबईत वकिलाच्या ऑफिसात नोकरी करा, किश्श्यांना तोटा नाही. फायली तरी कधीतरी बंद होतात, चहाच्या मशीनजवळच्या गप्पा काही बंद होत नाहीत. त्यात आमचे ड्रायव्हर हसनभाई दापोलीचे. मग विचारूच नका!

*

कोकणातल्या गावांची इथे क्रिकेट टूर्नामेंट असते. त्यात हसनभाईंच्या मेहुण्याने, शारजाच्या इक्बालने, अंपायर म्हणून त्यांना एलबीडब्ल्यू दिलं. घ्या! हसनभाईंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली, तीही खास दापोलीच्या शिवीसकट. अशी शिवी देणं इथे गुन्हा आहे, हे वकिलाच्या ड्रायव्हरला कोणी सांगायचं? इक्बालने दुबईत तक्रार ठोकली.

*

पोलीस स्टेशनात समेट झाला. माफी, गळाभेट, खलास. पण घरी भाभींनी, म्हणजे इक्बालच्या बहिणीने, हसनभाईंशी बोलणं टाकलं आणि मासळी करणंही. बिचारे रोज डाळभात घेऊन यायचे आणि आम्ही चिडवायचो. शेवटी त्यांनी आमच्या देसाई सरांना विचारलं, एका गुन्ह्याला दोन शिक्षा कायद्यात बसतात का?

सर म्हणाले, "कायद्यात नाही बसत. पण भाभींचं कोर्ट आमच्या हाताखाली येत नाही."

*

मग हसनभाईंच्या लेकीचा निकाह ठरला, दापोलीला. पत्रिकेची पीडीएफ सगळ्या ग्रुपांवर टाकून ते मोकळे झाले, तिकीटही काढलं. आणि शारजाहून पोलिसांचा फोन आला. तीच शिवी, तोच इक्बाल, नवी तक्रार!

दुबईची कोर्टं दुबईची स्वतःची, शारजाची फेडरल, म्हणजे केंद्राची. इकडे मिटलेलं तिकडे आपोआप कळत नाही. सर म्हणाले, समेटाचा कागद दाखवला की सुटाल, एकाच गोष्टीसाठी दोनदा धरता येत नाही. पण तोवर एअरपोर्टवर अडवू शकतात. हसनभाई म्हणाले, "सर, बापाशिवाय निकाह कसा होणार?" आमचं चिडवणं त्या दिवशी बंद झालं. मला तर फार वाईट वाटलं.

*

त्याच आठवड्यात माझ्या लेकीला वर्गात मोबाईल वापरल्याबद्दल डिटेन्शन झालं. घरी मीही मोबाईल काढून घेतला. तर म्हणते, "मम्मा, दॅट्स डबल जेपर्डी." म्हणजे एका गुन्ह्याला दोन शिक्षा! वकिलाच्या ऑफिसातल्या गोष्टी घरी सांगायच्या म्हणजे हे असं होतं. मी म्हटलं, शाळा फेडरल, आई दुबई. बाबाकडे अपिलात गेली, तर त्याने केस ऐकायलाच नकार दिला.

*

शारजाला सरांनी मला भाषांतरासाठी नेलं. अधिकाऱ्याने समेटाचा कागद वाचला आणि इक्बालला विचारलं, दुबईत माफ केलं होतंस ना, मग पुन्हा तक्रार का?

इक्बाल हसनभाईंकडे न बघता म्हणाला, "शिवी केव्हाच माफ केली, साहेब. पण सख्ख्या भाचीचा निकाह, आणि मामूला पीडीएफ? बोलावणं द्यायला घरी यायचं असतं."

मी अरबीत सांगितलं. अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवला आणि हसनभाईंकडे पाहिलं.

हसनभाई उठून मेहुण्यासमोर उभे राहिले. "इक्बाल, तुझ्या भाचीचा निकाह आहे. यायचं."

इक्बालने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. "तिकीट कधीच काढलंय. तुमच्याच फ्लाइटचं."